शब्दचर्चा: टोपाला लटकणाऱ्या ‘अ‍ॅव्हेंटेल’ला काय म्हणावे?

प्रश्न: मध्ययुगीन युरोपातल्या चिलखतांवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. चौदाव्या शतकातल्या ‘बॅसिनेट’ या निमुळत्या टोपाच्या कडेला लोखंडी कड्यांचे जाळे लोंबते. गळा, मान आणि खांद्यांचा वरचा भाग त्याने झाकतो. त्याला अ‍ॅव्हेंटेल किंवा कॅमेल म्हणतात. मी ‘कंठत्राण’ लिहिले आहे. चालेल?

— शब्द उत्तम, पण इथे नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शिरस्त्राण आणि कंठत्राण लागोपाठ, पण वेगळे मोजले आहेत; म्हणजे ती सुटी वस्तू. तुमचे जाळे टोपाचाच भाग आहे. टोपाच्या काठाने भोके असलेल्या बारीक खुंट्या असत. जाळे शिवलेली चामड्याची पट्टी त्यांवर बसवायची आणि खुंट्यांच्या भोकांतून दोरी ओवायची. दोरी उपसली की जाळे हातात, गंज काढायला मोकळे. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये इंग्लंडचा युवराज ‘ब्लॅक प्रिन्स’ याचा (मृत्यू १३७६) समाधीवरचा पुतळा आहे, त्यात हा सगळा थाट दिसतो. पंधराव्या शतकात जाळ्याची जागा पोलादी पत्र्याच्या गॉर्जेटने घेतली. कंठत्राण त्याच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर पुढच्याच प्रकरणात अडाल.

— मग सरळ ‘जिरेटोप’ का नाही? त्यातला ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरिह’, कड्यांचे चिलखतच की!

— व्युत्पत्ती बरोबर. पण जिरेटोप म्हटले की मराठी वाचकाला महाराजांच्या चित्रातला मोत्यांचा तुरा दिसणार, इंग्रज सरदार नव्हे. शिवाय ते अख्ख्या टोपाचे नाव, लोंबत्या भागाचे नाही. हिंदीतला ‘झिलम’ जवळचा आहे, पण मराठीत तो किती जणांना कळेल?

— मी ‘कडीझालर’ सुचवेन. पहिल्यांदा येईल तिथे ‘टोपाची कड्यांची झालर’ असे फोडून लिहा. इराणी आणि मोगल टोपांनाही अशीच झालर असते, पुष्कळदा खालची कड कंगोऱ्यांची. तिथेही हाच शब्द चालून जाईल.

प्रश्नकर्ता: कडीझालर घेतो. आता ‘कॉइफ’चे काय? स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बीजवळ १३६१च्या लढाईतल्या मृतांच्या सामूहिक कबरींत सापडले, ते कड्यांचे डोक्यावरून ओढायचे आवरण. ते टोपाला जोडलेले नसते.

— त्याला घरचाच शब्द आहे: कुंची. कड्यांची कुंची.