मूळ विकसक निघून गेलेले छोटे डिजिटल नाणे (क्रिप्टोचलन): मायनिंग चालू ठेवावे, विकून टाकावे की सांभाळावे?

रामबागकर (इंदूर):

नमस्कार. माझा इंदूरमध्ये छापखाना आहे आणि संगणकाचे माझे ज्ञान कामापुरतेच आहे. २०२१ मध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याच्या आग्रहावरून मी तीन जुनी अँटमायनर एल३+ यंत्रे विकत घेतली आणि छापखान्याच्या वरच्या खोलीत बसवली. लाइटकॉइन या डिजिटल चलनाच्या कोडवरून तयार केलेल्या एका छोट्या नाण्याचे मायनिंग, म्हणजे यंत्रांनी गणिते सोडवून व्यवहारांची नोंद करणे आणि त्याबद्दल नवी नाणी मिळवणे, आम्ही तेव्हापासून करत आहोत. नाण्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की भाव चढवण्यासाठीच लिहिले असे वाटते. स्क्रिप्ट अल्गोरिदम (गणिताची पद्धत), अडीच मिनिटांचा ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदीचे एक पान) आणि दर २०१६ ब्लॉकनंतर बदलणारी डिफिकल्टी (गणिताची अवघडता) हे सारे लाइटकॉइनसारखेच आहे. प्रत्येक ब्लॉकला २५ नाणी मिळतात.

अडचण अशी की मूळ विकसकाने दीड वर्षापासून कोडला हात लावलेला नाही आणि पत्रांनाही उत्तर येत नाही. नाणे आता एकाच परदेशी एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर) उरले आहे, आणि कोड अद्ययावत न झाल्यास ते काढून टाकू, अशी सूचना त्यांनी दिली आहे. मागच्या पावसाळ्यात एक मोठा मायनर अचानक निघून गेल्यावर ब्लॉक पंचवीस पंचवीस मिनिटांनी येऊ लागले आणि महिनाभर व्यवहार अडकून राहिले. तरीही या नाण्याभोवती जमलेली पाच-पंचवीस माणसे एकमेकांना धरून आहेत आणि ते असेच मरू द्यावे असे मला वाटत नाही. भाचा म्हणतो की देखभाल आपणच हाती घेऊ. घरचे म्हणतात की आहे तेवढे विकून यंत्रे भंगारात द्या. जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

जुना_पूलचालक:

मी काही वर्षे छोट्या स्क्रिप्ट नाण्यांचा पूल (अनेक मायनरांची एकत्र मायनिंगची व्यवस्था) चालवला आहे, म्हणून आधी पावसाळ्यातील प्रसंगाबद्दल लिहितो, कारण त्यातच पुढचे बरेच दडलेले आहे. हॅशरेट, म्हणजे जाळ्यातील सर्व यंत्रांचा मिळून गणिते करण्याचा वेग, एकदशांश झाला की अडीच मिनिटांचा ब्लॉक पंचवीस मिनिटांचा होतो आणि २०१६ ब्लॉक पूर्ण व्हायला साडेतीन दिवसांऐवजी पस्तीस दिवस लागतात. त्यानंतरही डिफिकल्टी एका वेळी चौपटीपेक्षा जास्त उतरू शकत नाही. म्हणजे ब्लॉक सव्वासहा मिनिटांवर येतो आणि पुढची पावणेनऊ दिवसांची फेरी सरल्यावरच गाडी रुळावर येते. डिफिकल्टी उतरली की नफा पाहून नाणी बदलणारे मायनर येतात, स्वस्तात नाणी काढतात आणि ती चढताच निघून जातात. त्यांच्या पाठीमागे उरलेला भार तुमच्यासारखे निष्ठावान लोक वाहतात. बिटकॉइनसारख्या प्रचंड जाळ्यासाठी आखलेला हा नियम छोट्या नाण्याने जसाच्या तसा उचलला की हे होणारच. म्हणून पुढे अनेक नाण्यांनी प्रत्येक ब्लॉकनंतर डिफिकल्टी जुळवून घेणारी सूत्रे स्वीकारली.

आता एक काम करा. वॉलेटच्या (नाणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कन्सोलमध्ये गेटनेटवर्कहॅशपीएस ही आज्ञा देऊन एकूण हॅशरेट पाहा. नंतर शेवटच्या दोनशे ब्लॉकपैकी किती ब्लॉक तुमच्या पत्त्यावर जमा झाले ते मोजा. उत्तर आल्याशिवाय मी पुढचे मत देणार नाही.

रामबागकर (इंदूर):

भाच्याने रात्री बसून मोजले. एकूण हॅशरेट सुमारे २.६ गिगाहॅश (सेकंदाला २६० कोटी गणिते) आहे आणि दोनशेपैकी ११७ ब्लॉक आमचे आहेत. आमच्याशी जोडले गेलेले नोड (नाण्याचा प्रोग्राम चालवणारे संगणक) फक्त नऊ दिसतात, त्यांतील दोन आमचेच. वॉलेटचा पाया बिटकॉइनच्या ०.१६.० या आवृत्तीचा आहे, असे तो म्हणतो.

जुना_पूलचालक:

मला हीच शंका होती. एका एल३+ चा वेग ५०४ मेगाहॅश, म्हणजे तुमची तीन यंत्रे मिळून दीड गिगाहॅश. जाळ्यातील सुमारे ५८ टक्के शक्ती तुमच्या छापखान्याच्या वरच्या खोलीत आहे. नाणे कोणाच्याही एकट्याच्या हाती नाही या विश्वासावर लोक ते बाळगतात, पण आज त्याची वही तुमच्या हातात आहे. कोणता व्यवहार नोंदवायचा आणि कोणता डावलायचा हे तुम्ही ठरवू शकता, इतकेच नव्हे तर नोंदलेले मागे फिरवूही शकता. तुम्ही तसे करणार नाही याची मला खात्री आहे. मात्र अशा नाण्याची सुरक्षितता माणसाच्या सज्जनपणावर उभी असते, गणितावर नव्हे, आणि ही गोष्ट त्या पाच-पंचवीस माणसांपासून लपवून ठेवू नये.

शिवाय ही सत्ता तुमच्याकडेही पक्की नाही. त्याच कंपनीच्या एल७ या एका यंत्राचा वेग साडेनऊ गिगाहॅश आहे, म्हणजे तुमच्या संपूर्ण जाळ्याच्या साडेतीन पटींहून अधिक. हॅशरेट भाड्याने मिळतो, त्यामुळे यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. हल्ल्याची रीत ठरलेली आहे. हल्लेखोर एक्स्चेंजवर नाणी जमा करतो, ती विकून बिटकॉइन काढून घेतो, आणि त्याच वेळी गुपचूप दुसरी लांब साखळी (एकापुढे एक जोडलेल्या ब्लॉकची माळ) तयार करतो, जिच्यात ती नाणी त्याच्याच दुसऱ्या पत्त्यावर गेलेली असतात. लांब साखळी उघड केली की जाळे नियमाप्रमाणे तीच खरी मानते आणि एक्स्चेंजच्या खात्यातील जमा नाहीशी होते. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर असाच हल्ला होऊन सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची नाणी दुबार खर्च झाली. त्याच वर्षी व्हर्टकॉइनवर आणि जानेवारी २०१९ मध्ये इथेरियम क्लासिकवरही हल्ले झाले. तुमच्या एक्स्चेंजने दिलेली सूचना मला म्हणूनच रास्त वाटते.

उपाय म्हणून लोक मर्ज्ड मायनिंग सुचवतील. लाइटकॉइनचे मायनर त्याच कष्टात तुमचेही ब्लॉक काढू शकतील असा बदल त्यात करावा लागतो. डोजकॉइनने सप्टेंबर २०१४ मध्ये हा मार्ग धरला आणि त्याचा हॅशरेट सावरला. परंतु ते नाणे तेव्हाही मोठे होते आणि पूलचालकांना ते हवे होते. छोट्या नाण्याच्या बाबतीत एकच मोठा पूल आला तर तुमच्या ५८ टक्क्यांच्या जागी त्याचे ९५ टक्के होतात. जानेवारी २०१२ मध्ये कॉइल्डकॉइन हे मर्ज्ड मायनिंगचे नवजात नाणे एका बिटकॉइन पूलच्या चालकाने पूलची शक्ती वापरून बंद पाडले होते. दोन-तीन वेगवेगळ्या पूलचे वचन हाती असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

कोडवाचक (लोकमान्य नगर, इंदूर):

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि फावल्या वेळात एका लहान नाण्याच्या देखभालीला हातभार लावतो. रामबागकर काका, मला हॅशरेटपेक्षा तुमच्या शेवटच्या वाक्याची अधिक काळजी वाटली. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइनच्या कोडमध्ये एक गंभीर दोष सापडला होता. एकाच व्यवहारात तीच जुनी रक्कम दोनदा खर्च करणारा ब्लॉक काही आवृत्त्या खरा मानत होत्या, म्हणजे शून्यातून नाणी निर्माण करता येत होती. ०.१६.३ मध्ये तो दुरुस्त झाला आणि बिटकॉइनवर त्याचा गैरवापर झाला नाही. परंतु त्याच कोडवर उभ्या असलेल्या पिजनकॉइन या छोट्या नाण्यात काही दिवसांतच कोणीतरी २३ कोटी ५० लाख नाणी अशीच तयार केली. तुमचा पाया ०.१६.० चा असेल आणि विकसकाने ही दुरुस्ती घेतली नसेल, तर तुमचे दार इतकी वर्षे उघडे आहे.

नाण्याची देखभाल म्हणजे वॉलेटला नवे रूप देणे नव्हे. मूळ प्रकल्पात कोणती भोके बुजवली जात आहेत हे वाचत राहणे, ती दुरुस्ती आपल्या कोडमध्ये आणणे, नव्या संगणकांवर तो कोड बांधला जातो का हे पाहणे आणि नवीन वॉलेटला जाळे सापडावे म्हणून सीड नोड सतत चालू ठेवणे, हेच त्यातील खरे काम आहे. ते कंटाळवाणे असते आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. मला स्वतःला वॉलेट बर्कले डीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेण्यात दोन दिवाळ्या घालवाव्या लागल्या. तुमच्या भाच्याची पुढची तीन-चार वर्षे यासाठी आठवड्यातील एक दिवस देण्याची तयारी आहे का, हे त्याला समोर बसवून विचारा. नोकरी लागल्यावर हा उत्साह टिकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. निदान दुसरे एक माणूस कोडवर हवेच, नाहीतर आजच्या विकसकाच्या जागी उद्या तुमचा भाचा बसेल.

आज करण्याजोग्या गोष्टी दोन आहेत. ब्लॉक तपासणाऱ्या भागात दुबार रक्कम पडताळण्याचा पर्याय 'असत्य' ठेवलेला आहे का ते पाहावे, कारण मूळ दुरुस्ती तेथे 'सत्य' करण्याचीच होती. त्यानंतर गेटटीएक्सआउटसेटइन्फो ही आज्ञा देऊन अस्तित्वातील एकूण नाणी काढावीत आणि ब्लॉकची संख्या गुणिले २५ याच्याशी ताडून पाहावीत. ती जास्त निघाली तर दोषाचा फायदा आधीच कोणीतरी घेतला आहे असे समजा आणि एकही नाणे विकण्यापूर्वी सर्वांना कळवा. खोटी नाणी मिसळलेला साठा माहीत असूनही विकणे ही फसवणूक होईल.

लेखापाल (इंदूर):

तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी मांडली आहे, मी फक्त हिशेबाचे लिहितो. तीन एल३+ मिळून २४०० वॅट घेतात, म्हणजे दिवसाला ५७.६ आणि महिन्याला सुमारे १७२८ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर बिल १२,०९६ रुपये होते. आपण दिवसाला साधारण ३३४ ब्लॉक काढता, म्हणजे महिन्याला अडीच लाख नाणी, आणि एका नाण्यामागे केवळ विजेचा खर्च पावणेपाच पैशांच्या आसपास पडतो. एक्स्चेंजवर भाव काय दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरेदीच्या सर्व मागण्या मिळून किती रुपयांच्या आहेत?

रामबागकर (इंदूर):

भाव नऊ पैसे दिसतो. खरेदीच्या मागण्या काल मोजल्या, तेव्हा सगळ्या मिळून चौदा हजार रुपयांच्या भरल्या.

लेखापाल (इंदूर):

मग नऊ पैसे हा भाव नसून शेवटच्या सौद्याची आठवण आहे. सराफ्यात मोड घेऊन गेल्यावर सराफ त्या दिवशी जे हातात ठेवील तीच किंमत असते, तसेच येथे समजावे. सर्व मागण्या पुऱ्या केल्या तरी चौदा हजारच मिळतील. २०२२ च्या वित्त कायद्यानुसार आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, म्हणजे ३१.२ टक्के. नफ्यातून केवळ संपादनाचा खर्च वजा करता येतो, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरील खर्च त्यात धरला जाणार नाही, हे अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. म्हणजे खर्च शून्य धरून चौदा हजारांवर ४,३६८ रुपये कर आणि हातात ९,६३२ रुपये, जे एका महिन्याच्या विजेलाही पुरत नाहीत. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि नाण्याच्या बदल्यात बिटकॉइन घेणे हाही करपात्र व्यवहारच आहे.

एक्स्चेंज बंद झाल्यावर ओळखीपाळखीत थेट विक्री करण्याचा मोह होईल. त्या बाबतीत सावध राहावे. माझ्या एका अशिलाने अनोळखी माणसाला नाणी विकली. समोरून आलेली रक्कम दुसऱ्याच कोणाच्या फसवणुकीतील होती आणि अशिलाचे बँक खाते पाच महिने गोठले. त्याचा दोष नव्हता, तरी कामगारांचे पगार त्याला उसने घेऊन द्यावे लागले.

रामबागकर (इंदूर):

सर्वांचे मनापासून आभार. एकूण नाणी ताडून पाहिली, हिशेबापेक्षा एकही जास्त नाही, त्यामुळे मोठा जीव भांड्यात पडला. मात्र तो पर्याय आमच्या कोडमध्ये 'असत्य'च होता. भाच्याने दुरुस्ती करून आमच्या दोन्ही नोडवर चढवली आहे. आता दोषाचा फायदा घेणारा ब्लॉक कोणी काढला तर आमची यंत्रे तो नाकारतील, आणि निम्म्याहून अधिक शक्ती आमची असल्याने जुन्या नोडनाही शेवटी आमचीच साखळी धरावी लागेल, हे मी बरोबर समजलो आहे का?

कोडवाचक (लोकमान्य नगर, इंदूर):

बरोबर समजलात. नियम अधिक कडक करणारा बदल बहुसंख्य हॅशरेटच्या बळावर लागू होतो, म्हणून सध्या तरी तुमच्या त्या ५८ टक्क्यांचा उपयोगच आहे. इतर सात नोडचे मालक सापडेपर्यंत तिन्ही यंत्रे चालू ठेवा.

रामबागकर (इंदूर):

सातपैकी पाच जणांचा पत्ता लागला आणि त्यांनी नवे वॉलेट घेतले आहे. त्यांतील दोघे स्वतः मायनिंग करतात आणि आमच्याखालोखाल बहुतेक ब्लॉक त्यांचेच असतात. आमचा वाटा किती आहे तेही सर्वांना मोकळेपणाने लिहून कळवले. एकाने आपली सगळी नाणी त्याच दिवशी विकली आणि मला त्याचा राग आला नाही. एक्स्चेंजला दुरुस्तीची माहिती दिली आहे, पण आमच्या नाण्याची जमा पक्की धरण्यापूर्वी निदान पाचशे ब्लॉक थांबावे, अशी विनंतीही केली आहे. येत्या रविवारी दोन यंत्रे बंद करणार आहोत. त्यामुळे आमचा वाटा साधारण ३२ टक्क्यांवर येईल, ब्लॉक पाच-सहा दिवस चार मिनिटांनी येतील आणि विजेचे बिल एक तृतीयांश होईल. भाच्याने आठवड्याचा एक दिवस कबूल केला आहे. कोडवर दुसरे माणूस मात्र अजून मिळालेले नाही. सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा येणारे आणि इंदूरला रविवारी सकाळी छापखान्यावर येऊ शकणारे कोणी असल्यास मला येथेच निरोप द्यावा.