नवा ऑइल फिल्टर बसवण्याआधी आत बघायचं की नाही?

माजिवडा, वॅगनआर
काल इथे एकाने लिहिलं, "फिल्टर सीलबंद खोक्यातून येतो. आत टॉर्च मारून बघणारे रिकामटेकडे. प्लास्टिक फाडा, रबराला तेल लावा, बसवा." त्याखाली होकारांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये तेल बदलत होतो. फिल्टर नावाजलेल्या कंपनीचा, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घेतलेला. मधल्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारला तर आट्यांच्या शेवटच्या वेढ्याला चकचकीत तार लोंबत होती. वेटोळं झालेली, तांदळाच्या कणीएवढी. चिमट्याने धरून हलवली तशी तुटून आली. बोटांत दाबली तर टोचली. चुंबकाला लगेच चिकटली.

आता हे भोक कुठलं ते बघा. कडेच्या बारीक भोकांतून पंपाचं तेल आत येतं, कागदाच्या घड्यांतून गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात जातं. कडेच्या भोकात काही पडलं असेल तर कागद अडवेल. मधल्या भोकात जे आहे ते गाळणीच्या पलीकडे आहे, त्याला अडवायला पुढे कोणी नाही. तिथून गॅलरी म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटा, तिथून क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं. बेअरिंगमधली फट साधारण दोन ते पाच शतांश मिलिमीटर. माणसाचा केससुद्धा सात शतांशांच्या आसपास असतो. ती तार तिथवर पोचली तर बेअरिंगला ओरखडा काढणार, नाहीतर तेलाच्या वाटेत आडवी बसणार.

दहा सेकंदांचं काम आहे. एवढंही नको असेल त्याने स्वतःच्या गाडीला स्वतः हात लावू नये.

रबाळे, गॅरेज
साहेब, चोवीस वर्षं गॅरेज चालवतोय. रोज चार-पाच गाड्यांचं तेल बदलतो. बेअरिंग खाल्लेली इंजिनं किती उतरवली त्याची गणती नाही. नव्या फिल्टरमधल्या कचऱ्याने गेलेलं एकही बघितलं नाही.

इंजिनं जातात ती कशाने सांगतो. वीस-वीस हजार किलोमीटर तेल बदलत नाहीत. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दगडावर आपटून फुटतो, तेलाचा लाल दिवा लागतो, आणि "घर दोनच किलोमीटरवर होतं" म्हणून गाडी तशीच रेटतात. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं आणि नवा त्यावर चढवतात. दोन रबरं एकावर एक टिकत नाहीत. अशी एक गाडी महापेच्या अलीकडून टो करून आणली, मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा.

आणि तपासणाऱ्यांचे प्रताप वेगळेच. मागे एक गिऱ्हाईक फिल्टर घेऊन आलं, "आतून पुसून आणलाय" म्हणालं. बनियनचं फडकं आत फिरवलेलं. आट्यांना सुतं लोंबत होती. कारखान्यातून स्वच्छ आलेला माल घरी घाण केला. म्हणून सांगतो, हात लावू नका.

माजिवडा, वॅगनआर
मी फडकं फिरवलं असं कुठे लिहिलंय? बघितलं असं लिहिलंय.

आणि तुमची चोवीस वर्षं मान्य, पण बेअरिंग खाल्लेलं इंजिन आलं की तुम्ही बांधून देता. त्याचा जुना फिल्टर पत्रा कापून किती वेळा उघडलात? कारण शोधलंच नाही तर सापडणार कुठून?

वागळे इस्टेट, टर्निंग आणि टॅपिंग
मी फिल्टर बनवत नाही, पण आटे पाडण्यात आयुष्य गेलंय. तेवढ्यावरच बोलतो.

टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. कापणारा टॅप मारला की चिप, म्हणजे धातूचा कीस, निघणारच. स्पायरल फ्लूटचा असेल तर ती वर येते, स्पायरल पॉइंटचा असेल तर आरपार भोकातून पुढे पडते. फॉर्मिंग टॅप चिप काढतच नाही, धातू दाबून आटे उठवतो. सुटी चिप धुलाईत निघून जाते. त्रास असतो तो बरचा. शेवटच्या आट्याला पातळ पापुद्रा चिकटून राहतो, तो सुटा नसतो म्हणून धुतला तरी जात नाही. टॅपची धार गेली की हे वाढतं. टॅप वेळेवर बदलला नाही तर सकाळच्या मालात काही नसतं आणि संध्याकाळच्या मालात मिळतं. नावाजलेल्या कंपनीतही पाळी बदलताना कोणाचं लक्ष चुकू शकतं.

आता फिल्टर इंजिनच्या नळीवर फिरवताना तिचे आटे या आट्यांत शिरतात आणि शेवटच्या आट्याला पोचले की तो पापुद्रा खरवडून तोडतात. म्हणजे खोक्यात असताना चिकटलेला कण बसवताना सुटा होतो, तोही मधल्या भोकात. त्यामुळे माजिवडेकरांनी बघितलं ते बरोबर केलं.

पण चिमट्याने तोडलं ते चूक. अर्धा तुकडा आत राहिला नाही हे कशावरून? बर दिसला तर फिल्टर परत करायचा. आणि कंप्रेसरची हवा मधल्या भोकात मारणारे असतील तर त्यांनी थांबावं. कागदाला उलट्या दिशेने दाब बसतो आणि कण घडीत कुठे जाऊन बसेल ते दिसणार नाही.

माजिवडा, वॅगनआर
चिमट्याचं मान्य. परत करायला हवा होता. दुकान बंद होतं आणि गाडीखाली तेल उतरवून ठेवलं होतं.

खारघर, डिझेल
माझ्या जुन्या 1.3 डिझेल स्विफ्टला कागदी कार्ट्रिज आहे, म्हणजे पत्र्याच्या डब्याशिवाय नुसती गाळणी. आटे इंजिनवरच्या फिल्टरच्या घराला आणि झाकणाला, कार्ट्रिजला काहीच नाही. बघायचं ते घराच्या तळाशी साचलेलं काळं. पण मला वेगळंच विचारायचंय. उभा बसणारा फिल्टर आधी तेलाने भरून लावता की कोरडा? टर्बो असेल तर सुरुवातीचे दोन-तीन सेकंद कोरडे जातात म्हणतात.

रबाळे, गॅरेज
उभा असेल तर भरतो. आडवा असेल तर सांडतं, तो कोरडाच.

वागळे इस्टेट, टर्निंग आणि टॅपिंग
मधल्या भोकातून ओतत असाल तर ते तेल गाळलं न जाता थेट बेअरिंगला जातं. वापरलेलं नरसाळं, डब्याच्या सीलचा तुकडा, सगळं त्याच्यासोबत. भरायचंच तर कडेच्या भोकांतून, हळूहळू.

रबाळे, गॅरेज
दादा, कडेच्या भोकांतून ओतायला एका फिल्टरला पाच मिनिटं लागतात. बाहेर तीन गाड्या उभ्या असतात.

दिवाळे कोळीवाडा
सगळे नव्या तेलाबद्दल आणि नव्या फिल्टरबद्दल बोलताय. जुनं तेल कुठे जातं ते सांगा. माजिवड्याच्या साहेबांनी पार्किंगमध्ये तेल बदललं. तीन लिटर काळं तेल गेलं कुठे?

आमच्या घरात तीन पिढ्या खाडीवर जातात. चिंबोरीच्या पाठीवर तेलाचा तवंग चढलेला मी हातात धरलाय. कोलंबीला वास येतो म्हणून गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागतं, नाहीतर टोपली तशीच परत. कंपन्यांचं पाणी वेगळं, ते आम्ही ओळखतो. पण पहिल्या पावसात पावसाळी गटारातून जे इंद्रधनुष्य वाहत येतं ते गाड्यांचं असतं. तुमच्याकडचं कोलशेत खाडीला उतरतं, आमच्याकडचं पनवेल खाडीला. पुढे पाणी एकच.

कोलशेत रोड, सोसायटी सेक्रेटरी
म्हणूनच आम्ही पार्किंगमध्ये तेल बदलायला बंदी घातली. फरशीवरचे डाग ॲसिडनेही जात नाहीत. एका सभासदाने फिल्टर पिशवीत गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकला, तो पिशवीतून गळून लिफ्टभर पसरला. एक ज्येष्ठ नागरिक घसरून पडले. हौस असेल त्यांनी गॅरेजला जावं.

माजिवडा, वॅगनआर
बंदी हा उपाय कसा? गॅरेजला द्यायची तर शेजारी उभं राहू देत नाहीत. एका सर्व्हिस सेंटरने बिलात नवा फिल्टर लावला आणि गाडीला जुनाच होता, त्यावर मी आधी मार्करने लिहिलेली तारीख तशीच होती. भांडलो तेव्हा "चुकून" म्हणाले. तेव्हापासून स्वतः करतो. हौस म्हणून करत नाही.

दिवाळे कोळीवाडा
प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.

माजिवडा, वॅगनआर
डब्यात भरून ठेवलंय. चार वेळचं. बाल्कनीत आहे. गटारात ओतलं नाही, पण कुठे द्यायचं ते ठरवलंही नाही.

दिवाळे कोळीवाडा
तुम्ही निदान ठेवलंय. आमच्या सेक्टरमध्ये मी एकाला रविवारी सकाळी गटाराच्या जाळीवर घमेलं उपडं करताना धरलं. शिकलेला माणूस, मला म्हणतो "थोडंसंच आहे." ठाण्याची खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पक्षी बघायला सगळे कॅमेरे घेऊन येतात. पक्षी खातात तो चिखल आमच्या जाळ्याखालचाच आहे. तुम्ही तांदळाच्या कणीएवढ्या तारेसाठी धागा काढला. माझा राग समजून घ्या.

माजिवडा, वॅगनआर
राग समजतो. पण मी तार काढली म्हणून खाडी खराब झाली असा सूर लावू नका. दोन्ही गोष्टींची काळजी एकाच माणसाला असू शकते.

रबाळे, गॅरेज
काळ्या तेलाचं मी सांगतो. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. माझ्याकडे दोनशे लिटरचा ड्रम आहे, भरला की परवाना असलेला माणूस लिटरमागे पैसे देऊन पंपाने ओढून नेतो आणि चलन देतो. गटारात ओतणारा स्वतःचे पैसे ओततो. जुना फिल्टर रात्रभर जाळीवर उपडा ठेवायचा, निथळला की पत्रा भंगारात. उपडा ठेवला नाही तर आत बरंच तेल राहतं, सेक्रेटरी साहेबांच्या लिफ्टमध्ये तेच सांडलं.

कोलशेत रोड, सोसायटी सेक्रेटरी
आमच्या सोसायटीतून कोणी डबा आणला तर घ्याल का? मग सूचना फलकावर तुमचं लावतो. बंदी मात्र राहील.

रबाळे, गॅरेज
घेईन. पाणी किंवा कूलंट मिसळलेलं नको, त्याने ड्रम बाद होतो.

आणि फिल्टरचं. आज बाकावर चार नवे फिल्टर खोक्यातून काढले, चारांत टॉर्च मारला. चारही साफ. माझं म्हणणं तेच आहे, इंजिनं यामुळे जात नाहीत. पण वागळेच्या दादांनी नळीवर चढताना पापुद्रा खरवडण्याचं सांगितलं ते मी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. पोरांना सांगितलंय, बसवण्याआधी बघा. बोट, फडकं, हवा काही नाही. दिसलं तर दुकानदाराला परत.

माजिवडा, वॅगनआर
रविवारी चार डबे घेऊन रबाळ्याला येतो. किती वाजता?

रबाळे, गॅरेज
साडेदहाच्या आत. झाकणाचे डबे आणा, गाडीत उभे बांधून.