व्यसनाधीन रुग्णांची हानी कमी करणे: विद्यार्थिनींना कसे शिकवावे?

प्रश्न (नर्सिंग ट्यूटर, नेरूळ):
मानसिक आरोग्य परिचर्येच्या तासाला सुई-सिरिंज अदलाबदलीचा (इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देण्याचा) विषय निघाला की विद्यार्थिनी हमखास विचारतात, "मॅडम, सुई आपणच द्यायची, म्हणजे व्यसनाला हातभार लावणे नव्हे का?" हा आक्षेप दडपून न टाकता विषय कोणत्या क्रमाने शिकवावा?

उत्तर (सामुदायिक आरोग्य परिचारिका, ठाणे):
मॅडम, सुरुवात कायद्यापासून करावी. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ च्या कलम २२ मध्ये संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण दिलेले असून, वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देणे हे उदाहरण तिथेच नमूद आहे. त्यानंतर इंजेक्शनच्या जागी झालेल्या गळवाचे ड्रेसिंग करायला द्यावे. त्या वेळी रुग्णाशी निवांत बोलता येते आणि हिपॅटायटिस बी व सी, तसेच एचआयव्हीच्या तपासणीचा विषय सहज काढता येतो.

उत्तर (मानसोपचार वॉर्डातील सिस्टर, ठाणे):
कायदा सांगावाच, पण त्याने विद्यार्थिनीच्या आवाजातला तिरस्कार जात नाही. शिवाय आपल्या वॉर्डात सुईपेक्षा दारूचे रुग्ण अधिक, आणि त्यांच्या बाबतीत "आजपासून एक थेंबही नको" हा सल्लाच जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने देखरेखीशिवाय दारू एकदम बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर डिलिरियम (भ्रम व तीव्र गोंधळाची अवस्था) उद्भवू शकतो. म्हणून शेवटचा पेला कधी घेतला हे विचारणे आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देणे, हे मी आधी शिकवते. एवढे समजलेल्या मुलीला ब्युप्रेनॉर्फिनचे, म्हणजे ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) व्यसनात पर्याय म्हणून देण्याच्या गोळीचे, तर्कशास्त्र वेगळे समजवावे लागत नाही. मात्र ती गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत रुग्णाजवळ थांबावे आणि विथड्रॉवलची (नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची) लक्षणे दिसण्यापूर्वी पहिला डोस दिल्यास त्रास एकाएकी उसळतो, हे बजावून सांगावे. ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा म्हणून देण्याच्या नॅलोक्सोनचेही तसेच: रुग्ण शुद्धीवर आला म्हणून निगराणी थांबवू नये, कारण त्याचा परिणाम ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे, सिस्टर. यंदा दारूपासूनच सुरुवात करते. पण रुग्णाशी बोलण्याची पद्धत परीक्षेत कशी तपासावी?

उत्तर (मानसोपचार वॉर्डातील सिस्टर, ठाणे):
प्रात्यक्षिकात एका सहकाऱ्याला रुग्ण करून बसवावे आणि "शेवटचे इंजेक्शन कधी घेतले? सुई आणखी कोणी वापरली होती का?" हे विद्यार्थिनीला विचारायला लावावे. प्रश्नाला गुण द्यावेत. उपदेश केल्यास कापावेत.