जर्मनीतलं पहिलं हिवाळी सत्र: रोजचं कसं बसवायचं?

निफाडचा_द्राक्षवाला
मंडळी, ऑक्टोबरात मास्टर्ससाठी केम्निट्झला निघतोय. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं बँक खातं), वसतिगृहातली खोली झालंय, त्यामुळे त्यावर नको. घराबाहेर राहायची पहिलीच वेळ आहे. विचारायचंय ते रोजचं: विजेच्या शेगडीवर आपला स्वयंपाक जमतो का, सोबत काय न्यावं, परीक्षांचं नेमकं कसं असतं, आणि थंडीत एकट्याने दिवस कसे काढायचे? 'काळजी घे, सगळं छान होईल' सोडून काहीही सांगा.

कढीलिंब
स्वयंपाकापासून सुरू करतो.

वसतिगृहात बहुतेक काचेच्या पृष्ठभागाची शेगडी असते. ती दोन प्रकारची, आणि हा फरक कुकर घेण्याआधी विचारून घे. खालची तार लाल होत असेल तर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिथे निव्वळ शोभेचा. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं तापेल. गोल बुडाची कढई दोन्हींवर निरुपयोगी, कारण मधलं रुपयाएवढंच बूड टेकतं.

लाल तारेच्या शेगडीची खोड अशी, की ती उशिरा तापते आणि उशिराच निवते. गॅसच्या सवयीने दोन शिट्ट्या होऊ देऊन बटण बंद केलं, तर तिसरी फुकटात होते आणि भाताचा गिचका. पहिल्या शिट्टीला बटण बंद करायचं. दुसरी उरलेल्या धगीवर होते. फोडणीचंही तसंच. मोहरी तडतडायला लागली की भांडं उचलून बाजूला ठेवायचं, नुसतं बटण फिरवून लसूण करपायचा थांबत नाही.

घडीची पोळी तव्यावर उत्तम होते, तिला जाळ लागतच नाही. फुलका आणि भाकरीला लागतो, तेव्हा घडीची पोळी शिकूनच निघ. सुपरमार्केटातलं ४०५ नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदाच, पोळ्या वातड होतात. १०५० नंबरचं बरं, पण कणीक आशियाई दुकानात मिळते. मसूर, हरभरे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या तुर्की दुकानात स्वस्त.

बॅगेत तूप, पेढे, खवा घालू नकोस. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने कितीही प्रेमाने बांधून दिले तरी. ताजा कढीपत्ताही रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय चालत नाही, वाळवलेला मसाल्यात ने. तूप तिथेच कढव: बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी मंद आचेवर ठेवली की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. गोडा मसाला, हिंग, कोकम, मेतकूट मात्र ने. हिंगाच्या डबीवर दुसरी हवाबंद डबी, नाहीतर सगळे स्वेटर हिंगाचे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. खोलीतच स्वयंपाकाचा ओटा असेल, तर फोडणी देण्याआधी जाड जॅकेट कपाटात टाकून दार लाव. ते रोज धुता येत नाही, आणि फोडणीचा वास त्यात आठवडाभर राहतो. धुराचा अलार्म छताला असतोच. तो कापडाने झाकून ठेवायची हुशारी नको. खिडकी उघड आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नकोस.

तिसरी_संधी
परीक्षेचं मी सांगतो, कारण घोळ तिथेच होतात.

भारतात फॉर्म भरायची तारीख कॉलेज बजावून सांगतं, मित्र आठवण करतात. जर्मनीत विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रत्येक पेपरची नोंदणी स्वतः करायची असते, ठरावीक काही आठवड्यांतच. ती मुदत गेली तर वर्गात पहिल्या बाकावर बसत असलास तरी पेपरला बसता येत नाही. उलट नाव नोंदवून कारणाशिवाय गैरहजर राहिलास तर ५.० पडतात, म्हणजे नापास. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आकडा वाढला म्हणून खूश व्हायचं नाही. नाव मागे घ्यायचीही मुदत असते. आजारी पडलास तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा, दुसऱ्या दिवशीचा बहुतेक चालत नाही.

बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसरीही गेली तर तो अभ्यासक्रम संपला, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात जाऊनही सहसा करता येत नाही. म्हणून 'बघू, बसून तर बघतो' हा आपला खाक्या इथे महाग पडतो. आपल्या अभ्यासक्रमाचे परीक्षा-नियम पहिल्याच आठवड्यात उघडून संधी आणि मुदती वाच.

आता तास. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ५ क्रेडिटच्या विषयाला १५० तास धर. त्यातले ५०-६० वर्गात जातात, उरलेले ९०-१०० तुझे. हजेरी बहुतेक व्याख्यानांना सक्तीची नसते, मधल्या चाचण्याही फारशा नाहीत, सगळे गुण शेवटच्या एका पेपरवर. त्यामुळे नोव्हेंबर, डिसेंबर अगदी आरामात जातात आणि फेब्रुवारीत सहा विषय एकदम अंगावर येतात. उपाय कंटाळवाणाच आहे: दर आठवड्याची उदाहरणांची पत्रिका त्या आठवड्यात स्वतः सोडवायची, उत्तरं मिळायच्या आधी. जुने पेपर विद्यार्थी परिषदेकडे बऱ्याचदा मिळतात, डिसेंबरातच मागून ठेव.

वेळापत्रकात तासासमोर 'सी.टी.' असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. आपली एसटी इथे वेळेवर सुटते एवढं लक्षात ठेव.

निफाडचा_द्राक्षवाला
दादा, भारी माहिती, आभार! लगेच नियम उघडून बघतो. खोली आणि कागदपत्रांचं कुणी सांगेल का? पार्टटाइम नोकरी पहिल्याच सत्रात धरावी का?

पत्रपेटी
पोहोचल्या दिवशी पहिलं काम: टपालपेटीवर स्वतःच्या नावाची पट्टी. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. पट्टी नसेल तर बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं परत जातं. पासपोर्टवरचं आडनाव जसं आहे तसंच लिही. मग 'आनमेल्डुंग', म्हणजे नगर कार्यालयात पत्त्याची नोंद: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं राहत असल्याचं पत्र घेऊन. अपॉइंटमेंट उशिराची मिळत असेल तरी आजच घेऊन ठेव, म्हणजे प्रयत्न केल्याचा पुरावा राहतो.

नोंदणी झाली की सरकारी टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येतं, १८.३६ युरो महिना. टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण ती माणशी नाही, घरामागे असते. स्वयंपाकघर सामाईक असलेल्या फ्लॅटमध्ये एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घ्यायची. पत्र केराच्या टोपलीत टाकलंस तर दंडासकट परत येतं.

खोलीत हिवाळ्यात बुरशी धरते, आणि दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून कापले जाऊ शकतात. कारण साधं: खोलीत वाळत घातलेले कपडे, अंघोळीची वाफ, कुकरची वाफ गार भिंतीवर जमते. खिडकी दिवसभर थोडीशी कलती ठेवणं हा चुकीचा उपाय. त्याने लगतची भिंत आणखी गार पडते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी सताड उघड, पाच ते दहा मिनिटं, मग बंद. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं जागा सोड.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दूध-भाजी भरून ठेव. रात्री दहानंतर मिक्सर नको.

चार_वाजता_अंधार
नोकरी: परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पासून. विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम बहुधा या दिवसांत धरत नाहीत, म्हणून आधी तेच शोध. पहिल्या सत्रात आठवड्याला आठ-दहा तासांवर जाऊ नये असं माझं मत. गोदामातली रात्रपाळी पैसे देते आणि सकाळचे तास खाते.

एकटेपणाचं: डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांचा, चारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी अंधारात गेलास आणि ग्रंथालयातून अंधारात आलास तर ऊन दिसतच नाही. दुपारी जेवणानंतर अर्धा तास बाहेर चालायचं, ढग असले तरी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं आणि भारताशी फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. घरी फोन संध्याकाळी पाचचा ठरवलास तर भारतात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, सगळ्यांची जेवणं उरकलेली. रोज तासभर व्हिडिओ कॉल लावून बसलास तर तिथली संध्याकाळ कधी तुझी होत नाही. वीस मिनिटं पुरे.

मराठी मंडळी भेटतील, त्यांच्यात राहा, पण आठवड्याला एक ठरलेली गोष्ट जर्मन बोलणाऱ्यांत कर. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग स्वस्त असतात, सत्राच्या सुरुवातीला पटकन भरतात. आणि झोप उडाली, तास बुडायला लागले, तर स्टुडिएरेन्डनवेर्कचे (वसतिगृहं, खानावळ चालवणारी विद्यार्थी-सेवा संस्था) समुपदेशक असतात, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. भेटीची वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून जानेवारीची वाट न बघता नोव्हेंबरातच ईमेल टाक.