युवा महोत्सव, आबांचा संबळ आणि बावीस वर्षं न सांगितलेली गोष्ट

भोसरीकर विचारतात:

दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा: तांब्याच्या जुन्या संबळाला पुण्यात कातडं कोण मढवून देईल? दुसऱ्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

मी विट्याजवळच्या गावचा. आमचं घर गोंधळ्यांचं, त्यातल्या कदमराई शाखेचं. आबा संबळ वाजवतात, चुलते तुणतुण्यावर, भावकीतला एक जण झांजेला. लग्न झालं की त्या घरी चौक मांडायचा, दिवटी पेटवायची आणि रात्रभर उभं राहायचं. पहाटे आबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला तेलाचा आणि बुक्क्याचा वास असायचा. लहानपणी तो वास आला की मला गाढ झोप लागायची.

अकरावीत एका पोरानं वर्गात मला 'ए गोंधळ्या' अशी हाक मारली आणि बाकीचे हसले. तेव्हापासून वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'शेती' सांगायला लागलो. शेती अर्धा एकर, तीही कोरडवाहू.

सन २००३. मी एसवायला. शिवाजी विद्यापीठाच्या जिल्हा युवा महोत्सवासाठी कॉलेजनं लोकवाद्यवृंद बसवायला घेतला. बारा जण, दहा मिनिटं. हलगी, घुमकं, कैताळ, ढोलकी, दिमडी, तुतारी अशी जुळवाजुळव झाली होती. एका मैत्रिणीनं चौंडकं शिकून घेतलं होतं, तिच्या बोटाला फोड आले होते. संबळ मात्र कुणालाच येत नव्हता. तीन दिवस मी गप्प बसलो आणि चौथ्या दिवशी न राहवून सांगितलं की मला येतो.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. रात्री दहापर्यंत तालीम. मग कॅन्टीनवाल्या मामांकडचा शेवटचा चहा, सहा जणांत तीन कप. ज्या दोस्ताच्या सायकलवर मी डबलसीट जायचो त्याचे वडील गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, दुकान कोइमतूरला. वर्षातून दोनदा घरी येणार, दिवाळीला आणि जत्रेला. तो एकदा सहज म्हणाला, "तुझे आबा रोज घरात असतात, नशीबवान आहेस." मी काही बोललो नाही.

महोत्सवाच्या आठवडाभर आधी सर म्हणाले, "बाहेरचे तीन साथीदार घ्यायची परवानगी आहे. तुझ्या वडलांना विचार की. ते असतील तर मध्यवर्ती महोत्सवाला आपला नंबर पक्का." माझ्या डोळ्यांसमोर आबा उभे राहिले, पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. आणि बघणारं सगळं कॉलेज. मी म्हणालो, "त्यांनी तारीख दिलीय, सर. जमणार नाही."

तेव्हा पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात गोंधळ नसतो. आबांना एकही तारीख नव्हती. ते घरी खळ्यात बसून माझ्यासाठी संबळाच्या दोऱ्या ताणत होते. वेताची नवी वाकडी काडीसुद्धा त्यांनीच करून दिली. "कुणाकुणाची साथ हाय?" एवढंच विचारलं. मी "हायत सगळी" म्हणालो.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती, कातडी सैल पडलेली. हॉलच्या मागे आम्ही वर्तमानपत्रं जाळून हलग्या तापवल्या. वॉचमन ओरडत आला आणि आवाज ऐकून तिथंच थांबला. आमचा दुसरा नंबर आला. परत येताना ट्रकच्या हौद्यात बाराही जण उभे राहून वाजवत होतो, पावसातच. सगळे खूश होते, आणि मीही होतो.

येत्या डिसेंबरात आमची बॅच कॉलेजात भेटणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचा एकच आग्रह आहे, ती दहा मिनिटं परत वाजवायची. आबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. रात्रभर उभं राहणं होत नाही, पण हात अजून तयार आहे. मला त्यांना तिथं न्यायचंय. नेण्याआधी तेव्हाचं सांगावं का? की आता कशाला त्यांच्या जिवाला लावायचं?

ढोलकीवाला, सातारा:

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. संबळाला कुठं पोचा असेल तर आधी कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवा. भांडं ठोकून नीट करणारे हात तिथं अजून आहेत. कातड्याचं काम त्यानंतर. उलटं केलंत तर नवं कातडं परत उतरवावं लागेल. कातडं बकरीचंच घ्या, प्लास्टिकच्या पानावर संबळ बोलत नाही. मढवल्यावर सावलीतच वाळू द्या, घाईनं उन्हात ठेवलं की काठाला चिरतं. मिरजेला जा असं कुणी सांगेल, पण सतारमेकर गल्लीचं नाव सतार-तंबोऱ्यासाठी. संबळाला तबला-ढोलकी मढवणारा कारागीर बघा. आणि कारागिराकडे जाताना वडलांना बरोबर न्या. दोरी किती ताणायची हे त्यांच्या कानाला कळेल, तुमच्या-माझ्या नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मी काय बोलणार? माझे वडील गेले तेव्हा माझंही असंच एक सांगायचं राहून गेलं.

डोंबिवलीची लेक:

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

माझी आई पोळीभाजीचे डबे करायची. कॉलेजच्या फेस्टिवलला आमच्या ग्रुपनं खाण्याचा स्टॉल लावला. आईनं पहाटे तीनला उठून दोनशे साबुदाणे वडे करून दिले. दुपारी दोनच्या आत सगळे संपले. कुठून आणलेस असं जो तो विचारत होता आणि मी एका दुकानाचं नाव सांगत होते. दहा वर्षांनी, माझ्या पहिल्या पगारवाढीच्या दिवशी, मी हे आईला सांगितलं. मला वाटलं होतं की मन हलकं होईल. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला लाज वाटत होती?" त्यानंतर ती माझ्या ऑफिसच्या कुठल्याही कार्यक्रमाला आली नाही. "तुम्ही जा गं," म्हणते.

सांगून माझं ओझं उतरलं आणि तिच्यावर चढलं. तुम्ही आबांना घेऊन जा, स्टेजवर मधोमध उभं करा, सगळ्यांना मोठ्यानं सांगा की हे माझे वडील. मागचं काढू नका.

बार्शीकर:

मी तुमच्याच समाजातला. आमच्याकडे अजून तीन पिढ्या एका चौकात उभ्या राहतात.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असणार, पण आठवण करून देतो. गोंधळ्याला नुसतं 'चला' म्हणत नाहीत. त्याच्या दारात जाऊन सुपारी देतात. तेव्हा तुमच्या सरांची सुपारी तुमच्या हातून जायची होती, ती तुम्ही वाटेतच ठेवलीत. आता ती पोचती करा. 'गेट-टुगेदर आहे, या माझ्याबरोबर' म्हणालात तर ते पाहुणे म्हणून मागच्या खुर्चीवर बसतील. सुपारी दिलीत तर ते कामावर येतील. सांगायचं की नाही ते त्या वेळी आपोआप ठरेल. सुपारी हातात ठेवताना खोटं बोलता येत नाही, निदान मला तरी आलेलं नाही.

भोसरीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

डोंबिवलीच्या ताईंचं वाचून दोन रात्री झोप लागली नाही. त्यांचं खरंच आहे. पण आबांसमोर बसलो आणि माझ्यानं राहवलं नाही. गेल्या रविवारी गावी गेलो होतो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, आबा तिच्यापुढं जेवायला बसले होते. सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, मी काय म्हणालो, पितृपक्ष, 'गोंधळ्या' ही हाक, सगळं. आईचा हात थांबला. आबा खाली मान घालून जेवत राहिले. ताटात हात धुतला. मग विचारलं,

"झांजंला कोण हुतं तवा?"

मी म्हणालो, "झांज नव्हती, आबा."

"न्हवती?" ते खरोखर चिडले. "झांजंबिगर संबळ वाजिवलास? आन मला म्हणालास हायत सगळी!"

उठून बाहेर गेले. मी बसून राहिलो. आई म्हणाली, "जा की मागनं." ते ओसरीवर होते. माझ्याकडं न बघता बोलले, "वर्गात हाक मारली त्या दिवशी घरी येऊन जेवला न्हवतास. पोटात दुखतंय म्हणालास. म्या ओवा दिला हुता." त्यांना तो दिवस आठवत होता. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत आणि काही बोललेही नाहीत. बराच वेळ तसंच.

मग मी खिशातून सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. सोबत विड्याची पानं आणि सव्वा रुपया, रीतीप्रमाणे. तारीख सांगितली. त्यांनी सुपारी उलटसुलट करून बघितली.

"एकट्याला दिऊन चालत न्हाई. तुणतुण्याला तुझा काका, झांजंला भावकीतला त्यो. आमी तिघं. दोन आजून आण."

गावातलं दुकान बंद झालं होतं. दुकानदाराच्या घरी जाऊन दार वाजवलं आणि दोन सुपाऱ्या घेऊन आलो. काकांना त्याच रात्री दिली, झांजवाल्यांना सकाळी त्यांच्या रानात जाऊन.

संबळ तांबट आळीत दिलाय, पोचा निघतो म्हणाले. शनिवारी मिळेल. कातड्यासाठी आबा स्वतः पुण्याला येतायत, सकाळच्या एसटीनं. गलाईवाला दोस्त आता स्वतःच कोइमतूरला असतो, तिकीट काढलंय म्हणून त्याचा फोन आला होता. चौंडकंवाली मैत्रीण विचारत होती, आबांना चहा कसा लागतो. बिनसाखरेचा, असं सांगितलंय.