'प्रादेशिक सहकार्य' म्हणजे नक्की कुठलं?

अनुवादिका: युद्ध-हिंसाचारामुळे घरदार सोडावं लागलेल्यांसाठी आसपासच्या देशांनी मिळून काय करायचं, यावरच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. मी 'प्रादेशिक सहकार्य' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, 'प्रादेशिक' म्हटलं की वाचकाला प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक भाषा आठवतात, म्हणजे देशाच्या आतलंच काही. दुसरं काही सुचतंय?

जुना वाचक: सार्कच्या मराठी नावात 'प्रादेशिक सहकार्य'च आहे. रुळलेला शब्द कशाला उखडायचा?

रानवारा: 'शेजारी देशांचं सहकार्य' लिहा, पोरांनाही कळेल.

अनुवादिका: शेजारी पुरत नाही ना. १९८४चा कार्ताहेना जाहीरनामा मध्य अमेरिकेतल्या यादवीतून आला, पण त्यातली 'निर्वासित'ची व्याख्या मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत अनेक देशांनी कायद्यात घेतली. व्यक्तिगत छळाचीच अट नाही. सर्वत्र माजलेल्या हिंसेमुळे पळालेला माणूसही त्यात 'निर्वासित'.

शमा: पण 'निर्वासित' का? निर् + वास, म्हणजे ज्याला घालवून दिलं तो. 'शरणार्थी' म्हणा, त्यात माणूस काहीतरी मागतो आहे, नुसता हाकललेला नाही.

जुना वाचक: 'शरणार्थी' हिंदीतून आलाय. फाळणीनंतर आमच्याकडे सगळे 'निर्वासित'च म्हणत.

शमा: विद्यार्थी हिंदीतून आला का? घडण तीच आहे! संस्कृत शब्द हिंदीत जास्त चालतो म्हणून तो परका होत नाही.

रानवारा: माझी आजी 'परागंदा झाले' म्हणायची. विखुरलेपण त्यात आहे.

जुना वाचक: परागंदा फारसी आहे हो. शिवाय आता तो फरार आरोपीला लावतात.

रानवारा: फारसीतून आला म्हणून टाकायचा तर 'कायदा', 'जमीन', 'सरकार'सुद्धा टाका. मग लिहा ती पुस्तिका.

अनुवादिका: एक आणखी अडलंय. आफ्रिकी देशांच्या १९६९च्या करारात आहे की एखाद्या देशाला आश्रय देणं जड जात असेल, तर इतरांनी त्याचा भार हलका करावा. 'भार' ठेवू?

शमा: नको! माणसं म्हणजे ओझं, असं होतं. 'जबाबदारी वाटून घेणे' लिहा. निर्वासितांविषयीच्या २०१८च्या जागतिक करारातही भाराच्या जोडीला जबाबदारी आली आहे.

रानवारा: मूळ करारात भार असेल तर अनुवादात भारच. गोड करून मांडणं हे अनुवादकाचं काम नाही. आणि सीमेवरच्या गावात पाणी, शाळा, दवाखाना दुप्पट लोकांना पुरवावा लागतो तेव्हा तो भार असतोच. माणसांचा नाही, व्यवस्थेवरचा.

शमा: मग 'व्यवस्थेवरचा भार' असं लिहा. नुसता 'भार' वाचणारा माणसांवरच बोट ठेवतो, बातम्यांत रोज तेच चाललंय.

जुना वाचक: कराराच्या मजकुरात स्वतःचे शब्द घुसडायचे? ते मला मान्य नाही. तळटीप द्या.

अनुवादिका: तळटीप चालेल. पण 'प्रादेशिक'चं काय करू, ते कुणी सांगाल का?

रानवारा: 'परागंदा'चा जुना दाखला शोधतोय, थांबा.