केबल बंद केलं तर महिन्याला खरंच किती वाचतात?

डोंबिवलीकर

मुलाची अकरावी सुरू झाली, सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, म्हणून जूनपासून घरखर्चाची वही पुन्हा नीट लिहायला घेतली. त्यात एक ओळ दर महिन्याला तशीच येते: केबल ७४०. हॉलमधल्या टीव्हीचे ४३०, आतल्या खोलीतल्या टीव्हीचे ३१०. वर्षाचे ८,८८० रुपये. ब्रॉडबँडचे ५८९ वेगळेच.

मागच्या आठवड्यात टीव्हीशेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. जो जे लावेल त्याने ते लिहायचं, एवढंच सांगितलं. सात दिवसांनी कागदावर सहा वाहिन्यांची नावं होती. बॉक्समध्ये पावणेतीनशेच्या वर वाहिन्या येतात. आतल्या खोलीतला टीव्ही आठवडाभरात दोनदाच लागला, त्यातही एकदा मुलाने लॅपटॉप जोडायला लावला होता. सासूबाई संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ मालिका बघतात, हे बातम्या आणि मॅच असली तर मॅच. मुलगा टीव्हीकडे फिरकतही नाही.

माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही कनेक्शन बंद करावीत. इंटरनेटचे पैसे आपण भरतोच, मग तेच कार्यक्रम वायरीतून वेगळे पैसे देऊन का घ्यायचे? घरात यावरून दोन तट पडलेत. ज्यांनी बंद केलं आणि ज्यांनी करून पुन्हा घेतलं, दोघांचंही ऐकायचं आहे.

पिंपळे_सौदागर

पूर्ण सहमत. आम्ही २०२२ मध्ये बंद केलं आणि एकदाही आठवण आली नाही. घरात आम्ही दोघं आणि मुलगी. बातम्या यूट्यूबवर लाइव्ह असतात. दूरदर्शनच्या वाहिन्या हव्या असतील तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं अ‍ॅप २०२४ च्या नोव्हेंबरात आलंय, त्यावर सह्याद्री फुकट दिसते. पैशांपेक्षा मोठा फायदा म्हणजे जेवताना टीव्ही चालू नसतो. मुलगी आता शाळेतलं काहीतरी सांगत जेवते. बंद करा, महिनाभर चुकल्यासारखं वाटेल, मग सवय होते.

सांगलीची_लेक

मी ठाम विरोधात आहे, आणि अनुभवाने आहे.

आई सांगलीला एकटी राहते, वय ७६. दोन वर्षांपूर्वी गणपतीत गेले तेव्हा मीच तिचं केबल बंद करून स्मार्ट टीव्ही बसवला. महिना साडेतीनशे वाचतील म्हणून आनंदात होते. तिच्या जुन्या रिमोटवरचे आकडे पुसून पांढरे झाले होते, पण अंगठा आपोआप जायचा. तीन आकडे दाबले की तिची मालिका हजर. नव्या टीव्हीवर आधी अ‍ॅप शोधा, मग कोण बघतंय ते निवडा, मग बाणाने चार ओळी खाली या. मधेच अपडेट मागणार. मी वहीत चित्रं काढून दिली, बाण, घराचं चिन्ह, सगळं. पंधरा दिवस रोज फोन यायचा, "अगं, पुन्हा ते काळं झालं." मग फोन यायचे थांबले. मला वाटलं, जमायला लागलं.

दिवाळीत गेले तर टीव्हीवर क्रोशाचं कव्हर घातलेलं. "नाही बघत गं मी हल्ली" म्हणाली. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं की संध्याकाळी ती त्यांच्या दारात येऊन उभी राहायची, आत या म्हटलं तर नको म्हणायची. दुसऱ्या दिवशी केबल पुन्हा जोडून घेतलं.

तुमच्या कागदावर साडेसहा ते साडेनऊ सासूबाई बसतात असं लिहिलंय. रोजचे तीन तास. त्या घरात टीव्हीचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांना आहे, तर निर्णयात पहिला शब्द त्यांचा हवा.

खर्चवही

भावना बाजूला ठेवून हिशेबच करू, कारण "इंटरनेट आहेच" या वाक्यात गफलत आहे.

मराठी मालिका एका अ‍ॅपवर मिळत नाहीत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. सासूबाई दोन वाहिन्या बघत असतील तर कदाचित दोन वर्गण्या. त्यात मोबाइलपुरता स्वस्त प्लॅन घेतला तर तो टीव्हीच्या पडद्यावर चालत नाही, वरचा घ्यावा लागतो. मॅचसाठी पुन्हा तेच. केबलचे ७४० गेले आणि अ‍ॅपचे चारशे आले, असं होऊ शकतं, आणि ते वर्षाचे एकदम कापले जात असल्याने वहीत दिसतही नाहीत. माझ्या वहीत ते ऑगस्टमध्ये दिसले, तोवर आपण बचत करतोय अशीच समजूत होती.

केबल_लाइनमन

मी १९९८ पासून या धंद्यात आहे, ठाणे जिल्ह्यातच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बंद करा किंवा करू नका, तो तुमचा हक्क. पण बिल कशाचं बनतं ते आधी बघा.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेचे, नवे दर लागू झाले. तेव्हापासून बिलाचे दोन भाग आहेत. एक नेटवर्कचं भाडं, तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात तेव्हा १०० वाहिन्या होत्या, २०२० च्या बदलात २०० झाल्या. २०२४ च्या जुलैत ट्रायने या भाड्यावरची मर्यादा काढली, पण दर जाहीर करणं बंधनकारक आहे. आमच्या भागात अजून १३० च घेतात. दुसरा भाग म्हणजे पे चॅनेलचे, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायच्या वाहिन्यांचे, पैसे. प्रत्येक वाहिनीची किंमत ठरलेली असते आणि ती सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पॅक घेतलाच पाहिजे असं कुठेही नाही.

दुसऱ्या टीव्हीचं. २०२० च्याच बदलात असं आलं होतं की त्याच घरातल्या जादा टीव्हीला भाडं पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावायचं नाही. १३० चे ४० टक्के म्हणजे ५२. ताई, तुम्ही आतल्या खोलीचे ३१० भरता याचा अर्थ तिथेही पूर्ण पॅक चालू आहे. कोणीतरी सुरुवातीला टाकला आणि तसाच राहिला.

लोकांना वाटतं हे सगळे पैसे आमच्या खिशात जातात. करारात वेगळं ठरलं नसेल तर भाड्याचं वाटप ५५:४५ असतं, ५५ वरच्या, म्हणजे आम्हाला सिग्नल देणाऱ्या कंपनीला, ४५ आम्हाला. १३० मधले साडेअठ्ठावन्न. त्यात माणूस, वायर, अ‍ॅम्प्लिफायर, विजेचं बिल. पावसात झाड पडून लाइन तुटली की रात्री अकराला शिडी घेऊन मीच जातो. २०१३ च्या मार्चअखेर कल्याण-डोंबिवलीत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा घरोघरी तीन-तीनदा जाऊन आम्ही ते बसवले. अ‍ॅप बंद पडलं तर कोण येणार आहे तुमच्याकडे?

पिंपळे_सौदागर

दादा, तुमची मेहनत मान्य आहे, पण सुटी वाहिनी मागून बघितली आहे मी. कनेक्शन चालू असताना आमच्या ऑपरेटरला यादी लिहून दिली. "सिस्टीममध्ये होत नाही, हा पॅकच घ्या" असं तीन महिने ऐकलं. शेवटी कंटाळून बंद केलं. हक्क कागदावर आहे हो. ग्राहकाने एकेका वाहिनीसाठी भांडत बसायचं का? जी सेवा स्वस्त करून मागताना इतका त्रास होतो ती सोडणंच बरं, असं माझं आजही मत आहे.

केबल_लाइनमन

"सिस्टीममध्ये होत नाही" हे खोटं आहे. होतं. माझ्या लॉगिनमधून पाच मिनिटांचं काम आहे. पण खरं सांगतो, माझ्याकडे सातशे घरं आहेत, त्यातल्या मोजून दहा-बारा घरांनी आजवर सुटी यादी दिली. वसुलीला गेलो की लोक पैसे देतात आणि दार लावतात. मीही आपणहून सांगत नाही, ही माझी चूक आहे.

दापोली_आतलं_गाव

वरची सगळी चर्चा शहरातली आहे. आमच्या वाडीत केबल कधीच आलं नाही आणि मोबाइलला रेंज हवी तर देवळाच्या चढावर जावं लागतं. आमच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली ती सेवा. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याला शून्य रुपये. जोराच्या पावसात चित्र जातं, पाऊस ओसरला की येतं.

मात्र डोंबिवलीच्या ताईंना एक सांगतो. त्यावर सह्याद्री आहे, बातम्या आहेत, काही फुकट मराठी वाहिन्याही आहेत, पण मोठ्या पे वाहिन्यांवरच्या चालू मालिका त्यात मिळत नाहीत. शिवाय खाजगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. माझ्या आईची एक वाहिनी अशीच गेली. ती दोन दिवस बॉक्स बंद-चालू करत राहिली. तरीही ज्या घरात बातम्या आणि जुने सिनेमे पुरतात तिथे महिन्याला शे-दोनशे तरी का भरायचे, असं मला वाटतं.

डोंबिवलीकर

सगळे प्रतिसाद काल रात्री घरात मोठ्याने वाचले. सांगलीच्या ताईंचा वाचताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त "क्रोशाचं कव्हर" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. हे मला लागलं.

आज सकाळी आमच्या ऑपरेटरला फोन केला. आतल्या खोलीतला बॉक्स परत करतोय. हॉलमध्ये भाडं १३० आणि चार पे वाहिन्या, प्रत्येकी १९ धरले तरी ७६. मिळून २०६, वर जीएसटी, म्हणजे २४३ रुपये ८ पैसे. बातम्यांच्या ज्या दोन वाहिन्या हे बघतात त्या फुकटातल्याच आहेत. ७४० वरून २४३, म्हणजे महिन्याला ४९७ वाचले, वर्षाला ५,९६४. ऑपरेटर आधी म्हणाला पॅक स्वस्त पडेल. मी त्याला चार नावं सांगितली आणि किंमती वाचून दाखवायला लावल्या. मग झालं.

माझं मूळ मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. आम्ही दोघंच असतो तर आजच वायर काढली असती, आणि मॅचसाठी ठेवलेली वाहिनी मोसम संपला की काढणारच आहे. ह्यांचा त्याला विरोध आहे.

खर्चवही

काढताना तारीख बघा. महिना संपायच्या आधीच सांगा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे लागू शकतात आणि परत मिळवताना दमछाक होते.

सांगलीची_लेक

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि एक करा, वाहिन्या बदलल्या की आकडेही इकडेतिकडे होतात का ते बघून घ्या. त्यांच्या दोन वाहिन्यांचे आकडे जाड मार्करने लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवा. पहिल्या संध्याकाळी साडेसहाला तुम्ही त्यांच्याजवळ बसा.